वर्गात खाणारे

फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात सुविचार,
उजव्या कोपऱ्यात चौकट,
चौकटीवर बाईंच्या अक्षरात: वर्गात खाणारे.
खाली माझं अक्षर.
मी मॉनिटर. सातवी ब. गोळीबार चौकामागची शाळा.

खिडकीबाहेर हातमाग चालायचे.
एखादा थांबला की कळायचं,
त्या घरी पानं वाढली.
आमच्या मधल्या सुट्टीला अजून दोन तास.

मला नाकावरून नावं लिहिता यायची.
संत्र्याला लपणं ठाऊकच नाही,
शेवटच्या बाकाखाली सोलावं
तर सरळ बाईंच्या खुर्चीपर्यंत चालत येऊन
हजर म्हणतं.
चिवडा आवाजानं मरतो.
बोरकूट जिभेवरून.
सांबारवडी वहीचं पान असं करून टाकते
की खालच्या पानावरचं गणित वरूनच वाचावं.
देवानंद पराते तर खाऊन झाल्यावर
स्वतःच येऊन म्हणायचा,
"लिही ना बे, काऊन थांबली?"

वैजयंती निमजे मात्र
सहा महिने मला सापडली नाही.
ती चावायचीच नाही.
भाकरीचा तुकडा गालात ठेवायची
आणि भूगोल ऐकत बसायची,
तो आपोआप विरघळेपर्यंत.
मधल्या सुट्टीत ती घरी पळायची,
आईला कांड्या भरून द्यायला.
हे सगळ्या वर्गाला माहीत होतं.
म्हणजे मलाही होतं.

पश्चिमेला वाहणाऱ्या नद्या:
नर्मदा, म्हणाल्या बाई,
तापी, म्हणाल्या,
आणि तापीपाशी वैजयंतीचा गळा हलला.

मी उठले. लिहिलं.
वेलांटी नीट काढली.

"तोंड उघड."
तिनं उघडलं.
आत काहीच नव्हतं, पडलेल्या दाढेची जागा सोडून.
"खाल्लं का?"
"नाही जी, बाई."
बाईंनी माझ्याकडे पाहिलं.
मी फळ्याकडे.
नाव शनिवारपर्यंत तसंच राहिलं,
शनिवारी फळा धुवायची पाळीही तिचीच होती.

परवा निवडणुकीच्या ट्रेनिंगला
हीच शाळा आली. हाच मजला.
एप्रिल, कूलर नुसतं पाणी उडवणारा,
आणि आम्ही पन्नाशीचे लोक
पोरांच्या बाकांत गुडघे कोंबून.
पॅकेटं आधीच वाटून झालेली:
आलुबोंडा, तळलेली मिरची, एक पेढा.
साहेब म्हणाले, प्रशिक्षण चालू असताना
कृपया कोणी खाऊ नये,
तसं बरं दिसत नाही.
चाळीस आलुबोंडे सगळ्या खोलीला वास देत बसले.

शेजारी एक नर्सबाई, शुगरवाल्या.
त्यांनी पदराआड मिरचीचं देठ तोडलं,
माझ्याकडे बघितलं,
आणि माझी बोटं,
शप्पथ सांगते,
एकमेकांवर घासली गेली. खडू नव्हता.

मग मीही पेढा तोंडात टाकला.
चावला नाही.
गालात ठेवला.
तो सुटायला किती वेळ लागतो,
तेवढ्या वेळात लाळेशी
किती बोलावं लागतं,
चेहरा किती रिकामा धरावा लागतो,
हे त्या पोरीला अकराव्या वर्षी जमत होतं.

"मॅडम, तुम्ही. खिडकीजवळच्या.
मॉक पोलला कमीत कमी मतं किती?"

गिळताना गळा हलतो.
तो धरून ठेवता येत नाही.
"पन्नास," मी म्हणाले,
आणि मागच्या बाकावर कोणीतरी हसलं.
चांगलं हसलं. नर्सबाईही हसल्या.
साहेब पुढच्या पानाकडे वळले.

माझ्या आलुबोंड्याखालचा फॉर्म
तेलानं आरपार झाला होता.
त्यातून बाक दिसत होता,
बाकावर करकटकानं कोरलेलं एक नाव.
फॉर्म सरकवून मी वाचलं.
निमजे नव्हतं.
दुसऱ्या बाकांवरही बघितलं, पाणी प्यायला उठले तेव्हा.